येसूबाईकडचा चहा

१

कपाटातलं सगळं जागच्या जागी होतं, फक्त पासपोर्ट नव्हते.

प्रांजलीनं पुन्हा साड्या झटकल्या, सिद्धेशनं पुन्हा खण बाहेर ओढला आणि जयमालानं दारात उभं राहून पुन्हा सांगितलं की झटकून आणि ओढून काही सापडत नसतं, आधी सगळे थांबा. तिचं कुणी ऐकलं नाही. जयमाला अलिबागला पोलिसात हवालदार होती. तिथे ती ‘थांब’ म्हणाली की भलेभले थांबत. रेवदंड्याला माहेरी मात्र तिच्या शब्दाला कढीपत्त्याची किंमत होती; फोडणीला हवा, ताटात आला की बाजूला.

आज शनिवार. रात्रीच्या विमानानं सिंगापूरला जायचं होतं. सिद्धेश, प्रांजली, त्यांची राही आणि धाकटा विनेश, आणि पाचवी सिद्धेशची थोरली बहीण जयमाला. दुपारी गाडी येणार, मांडव्याहून रो-रो बोट पकडायची आणि मुंबई गाठायची, असं सगळं ठरलेलं. सहावीतल्या राहीनं दिवाळीपासून त्या शहराची माहिती पाठ केली होती. तिथे रात्री उघडणारं प्राणिसंग्रहालय आहे, काचेच्या बोगद्यातून चालताना डोक्यावरून शार्क जातो. विनेशनं अख्ख्या कोळीवाड्याला सांगून ठेवलं होतं की तो मासे बघायला परदेशी चाललाय. आणि जयमाला? तिनं या सुट्टीसाठी इतकी वर्षं साहेबांचे उंबरे झिजवले होते की सुट्टी मंजूर झाली तेव्हा तिला आधी संशयच आला.

पाचही पासपोर्ट लाल रेक्झिनच्या एकाच पाकिटात होते. पाकिटाची चेन ओढून सिद्धेशनं ते गुरुवारी दुपारी कपाटाच्या मधल्या खणात ठेवलं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. जयमालानं अखेर दोघांना बाजूला सारलं आणि खणात वाकून बघितलं. पाकिटाच्या जागी तांदळाचे चार-पाच दाणे पडले होते. प्रांजली म्हणाली, उंदीर असतील. जयमालानं दाणे तळहातावर घेतले. उंदीर तांदूळ खातात, पासपोर्टच्या जागी ठेवून जात नाहीत. पण ते बोलून उपयोग नव्हता, कारण प्रांजलीचं गाऱ्हाणं आता निराळ्याच गावाला पोचलं होतं. कालपासून घरात काही म्हणून जागेवर सापडत नव्हतं. विनूचा एक मोजा गेला, राहीची केसांची रिबन गेली, सिद्धेशचा नवा रुमाल, तिचा स्वतःचा ब्लाउज. एवढंच काय, देवापुढची सुपारीसुद्धा कुणी उचलली.

“तुमचं बरं, ताई,” ती वैतागून म्हणाली, “तुमचं काहीच गेलं नाही.”

“माझं या घरात आहेच काय जायला?” जयमाला म्हणाली. ती काल संध्याकाळी अलिबागहून आली होती आणि तिची बॅग अजून उघडलीही नव्हती.

सिद्धेशनं खण धाडकन लोटला.

“हे दादाचं काम आहे,” तो म्हणाला. “ताई, तू पोलीस आहेस ना? घे तक्रार. नाव घालून घे.”

२

दादा म्हणजे दत्ताराम, तिघा भावंडांत थोरला आणि मासेमारी बोटीवरचा तांडेल, बोटीचा प्रमुख. दोघा भावांची घरं एकाच अंगणात, पाठीला पाठ लावून उभी. दोन्ही घरांच्या चाव्या पडवीतल्या एकाच खिळ्याला लटकत, कपाटाचीसुद्धा. आत जायला दत्तारामला कुलूप फोडायची गरज नव्हती, आणि नेमकं हेच सिद्धेश बोट नाचवून सांगत होता.

भांडणही खरंच झालं होतं. पंधरवड्यापूर्वी तिकिटं दाखवायला सिद्धेश थोरल्याकडे गेला, तेव्हा दत्ताराम आधी हसला. दारात समुद्र असताना पोरांना मासे दाखवायला एवढ्या लांब कशाला, म्हणाला. तिथवर ठीक होतं. मग त्यानं वार विचारला, शनिवार ऐकला आणि त्याचा चेहरा उतरला. शनिवारी पोरांना घेऊन निघू नका, दिवस बदला, म्हणून तो हटून बसला. सिद्धेश बँकेत नोकरीला. त्यानं पोरांसमोरच थोरल्याची टिंगल केली की विमानाला वार कळत नाही. दत्ताराम उठून गेला. त्या दिवसापासून दोघांत कामापुरतंही बोलणं नव्हतं. आणि आता दत्ताराम कालच्या पहाटेपासून समुद्रात होता. फोन लागत नव्हता. शेजाऱ्यानं वायरलेसवर हाक मारून पाहिली, नुसती खरखर आली.

जयमालानं सिद्धेशला समजावलं, की बाबा, पासपोर्ट हरवल्याची तक्रार एकदा वर गेली की ते पासपोर्ट बाद होतात. मग तासाभरानं सापडले तरी त्यांचा उपयोग विनूला चित्रं काढायला. शिवाय त्या कागदावर सख्ख्या भावाचं नाव. तो कागद परत घेता येईल, पण अंगणातून परत कसं वावरणार? सिद्धेशनं ऐकून घेतलं आणि मोबाइलवर तक्रार लिहायला बसला. गाडी येईपर्यंत वेळ देतो, म्हणाला. गाडी आली की कुणाचं ऐकणार नाही.

जयमाला अंगण ओलांडून थोरल्या वहिनीकडे गेली. सुचिता सुकटीची पाटी पाखडत होती. तिनं हातही थांबवला नाही.

सुचितालाही रुसायला कारण होतं. सिंगापूरला जायचं ठरलं तेव्हा तिच्या प्राचीला कुणी ‘येतेस का’ म्हणून विचारलंही नव्हतं. जयमालानं ते आडवळणानं काढलं, तर वहिनी सरळच बोलली. वाईट वाटलं, म्हणाली. का न वाटावं? पण म्हणून पोरांच्या वाटेत काटे पेरायला ती काय वैरीण होती? कपाटाला तिनं हात लावला नव्हता. नवऱ्यानं लावला असेल तर तिला ठाऊक नाही. गुरुवारी रात्री तो जेवताना गप्प होता आणि पहाटे बोटीवर गेला.

“जाताना काय बोलला?”

“काय न्हाय. येसूबाईकडं च्या पिऊन जावा, एवढं सांगून गेला. मी प्रांजलीला दोनदा सांगितलं, ती माझ्यावरच भडकली.”

जयमालालाही भडकावंसं वाटलं. येसूबाईचं घर गावाच्या पार उगवतीच्या टोकाला, नारळीच्या वाडीत. अलिबागचा रस्ता उत्तरेला. जग बुडत असताना या घराला चहा सुचत होता. ठाण्यात लोक खोटं बोलतात, ते एक वेळ परवडतं. खोट्याला शेंडा-बुडखा असतो. इथे सगळे खरं बोलत होते आणि कशाला कशाचा मेळ नव्हता.

ती परत अंगणात आली, तर राही धावत येत होती. 

“आत्या, विनू रडतोय. तो म्हणतो, त्यानंच लपवलंय.”

३

विनेश पाण्याच्या पिंपामागे बसला होता आणि बाहेर यायला तयार नव्हता. सिद्धेशनं दम दिला, प्रांजलीनं चॉकलेट दाखवलं. तो हुंदक्यावर हुंदका देत राहिला. जयमालानं सगळ्यांना लांब केलं, पिंपाच्या अलीकडे जमिनीवर बसली आणि काही न विचारता नुसती बसून राहिली. हे तिला नोकरीनं शिकवलं होतं. माणूस सहा वर्षांचा असो की साठीचा, समोरचा गप्प बसला की त्याला राहवत नाही.

“मी फेकलं न्हाय,” विनू शेवटी आतून म्हणाला. “नुसतं लपवलंय.”

“कुठे?”

तो बाहेर आला आणि तिचं बोट धरून चालू लागला. मागून सगळी वरात. अंगणाच्या कोपऱ्यात जुन्या जाळ्यांचा ढीग होता, तिथे तो थांबला. सिद्धेशनं अधाशासारखी जाळी उपसली. शिसाच्या गोळ्या खळखळल्या, कुजका वास सुटला, आणि तळातून निघाली एक लोकरीची माकडटोपी.

विमानात एसीचा गारठा असतो, म्हणून प्रांजलीनं ती मुद्दाम मागवली होती. मे महिन्यात, रेवदंड्यात, ती घालून त्याला आरशासमोर उभंही केलं होतं. विनूला विमानाची भीती नव्हती, टोपीची होती. पासपोर्ट म्हणजे काय हे त्याला धड ठाऊकही नव्हतं. आई काहीतरी शोधतेय म्हणजे टोपीच शोधतेय, असं त्याला वाटलं होतं.

प्रांजली तिथेच जाळ्यांवर बसली. मोजा कुठंय, रिबन कुठंय, रुमाल कुठंय, तिनं एका दमात विचारलं. विनूनं देवाची शपथ घेतली. मोजा त्यानं नव्हता घेतला, कारण मोजे त्याला आवडत होते, त्यांच्यावर विमानं होती.

राही मात्र रडत नव्हती. ती पायरीवर हातातला नकाशा घडी घालून बसली होती. तो तिनंच काढलेला, रंगीत पेनांनी. हॉटेल, बोगदा, बाग, सगळं त्यात होतं. जयमालाला तिच्याकडे बघवेना.

“आपण न्हाय जाणार ना, आत्या?” राहीनं विचारलं. “चालेल मला. पण मोठ्या बाबांना पोलिसात देऊ नका.”

 आपण याच पोरीसमोर हवालदार म्हणून मिरवत होतो, याची जयमालाला लाज वाटली. तेवढ्यात फाटकाबाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

४

ड्रायव्हरला अर्धा तास थांबायला सांगितलं. तो म्हणाला, थांबतो, पण बोट थांबणार नाही. सिद्धेशची तक्रार लिहून झाली होती. त्यानं ती जयमालासमोर धरली. ‘संशयित’ या शब्दापुढे भावाचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट.  तेच नाव सिद्धेशच्या आणि तिच्याही पासपोर्टवर होतं.

एकच साक्षीदार उरली होती, दत्तारामची प्राची. कॉलेजातली पोर. तिला विचारलं तेव्हा ती घाबरून सगळं बोलून गेली. कपाट गुरुवारी संध्याकाळी तिनंही उघडलं होतं, मैत्रिणीच्या हळदीला नेसायला काकीची साडी बघायला. काकीनंच सांगितलं होतं. तेव्हा लाल पाकीट तिथेच होतं. तिनं कपाट लावलं, वळली, तर मागे बाबा उभे.

“काय म्हणाले?”

प्राचीनं पायाच्या अंगठ्यानं शेणानं सारवलेली जमीन उकरली. “रागावू नकोस हां, आत्या. ते विचारत होते, जयूचं एखादं जुनं कापड हाय का या घरात. ओढणी, रुमाल, काय पण. मी बोलले, आत्याचं इथं काय न्हाय. इंजिन पुसायला चिंधी पाहिजे असणार, म्हणून मी आमची जुनी चादर दाखवली. ती नको म्हणाले.”

जयमालाला ते लागलं. वर्षातून दोनदा ती या घरी येते, तेही घाईत. आणि भावाला तिची आठवण झाली ती इंजिनाचं तेल पुसायला. ती पडवीत जाऊन बसली. आत सिद्धेश फोनवर कुणालातरी विचारत होता की तक्रार कोणत्या पानावर टाकायची. प्रांजली बॅगा उघडून परत लावत होती. सुचिता दारात येऊन उभी राहिली आणि तिनं जाऊबाईला तिसऱ्यांदा तेच सांगितलं, की घोटभर च्या पिऊन जावा येसूबाईकडं, त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलंय, विसरलीस तर तोंड बघणार न्हाय म्हणालेत.

“वहिनी, आम्ही जातोय कुठे?” प्रांजली किंचाळली. “पासपोर्ट नाहीत आणि चहा कसला पिता?”

जयमालाच्या मुठीत ते तांदूळ अजून होते. घामानं तळहाताला चिकटले होते. तिनं मूठ उघडली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. चादर नको. चादर चांगली मोठी होती, इंजिन पुसायला उत्तम. ती नको, पण जयूचंच कापड पाहिजे. सिद्धेशचा रुमाल गेला, प्रांजलीचा ब्लाउज, राहीची रिबन, विनूचा एकच मोजा. एकच मोजा कोण चोरतो? प्रत्येकाचं एकेक कापड. जाणाऱ्यांपैकी प्रत्येकाचं. फक्त तिचं नाही, कारण तिचं या घरात काहीच नव्हतं.

नव्हतं कसं? एक वस्तू होती.

ती उठली. “सिध्या,” ती म्हणाली, “ते बटण दाबलंस तर बोट तोडीन. फोन खाली ठेव.”

या वेळी मात्र माहेरचे थांबले.

५

जयमालानं सगळ्यांना पडवीत बसवलं आणि आधी सिद्धेशला विचारलं, सिंगापूर कोणत्या दिशेला? तो चिडून म्हणाला, हा काय भूगोलाचा तास आहे? उत्तर राहीनं दिलं. पूर्वेला, थोडं खाली.

“आणि शनिवारी पूर्वेला निघू नये म्हणतात,” जयमाला म्हणाली. “दादा तेवढ्यासाठीच हटून बसला होता. मासे, खर्च, हेवा, काही नाही. त्याला पोरांची काळजी होती, आणि तू ती त्यांच्यासमोरच हसण्यावारी नेलीस.”

तिकिटं बदलणार नाहीत हे दत्तारामला कळलं होतं. मग जुन्या माणसांनी अशा अडचणीवर जी तोड काढून ठेवली आहे, ती त्यानं काढली. निघायचा दिवस वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाची एखादी वस्तू, तांदूळ-सुपारीसकट फडक्यात बांधून, जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी ठेवायची. प्रस्थान ठेवणं म्हणतात त्याला. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. मग खरोखर जायच्या दिवशी ते गाठोडं वाटेत उचलायचं आणि मागे न वळता पुढे चालू लागायचं. दादानं गुरुवार धरला. देवापुढची सुपारी घेतली, डब्यातले तांदूळ घेतले, चौघांचं एकेक कापड घेतलं. पाचवी मी, जयमाला म्हणाली. माझं कापड शोधलं, प्राचीला विचारलं, मिळालं नाही. या घरात माझ्या नावाची एकच वस्तू होती, व्हिसासाठी सिद्धेशकडे दिलेला पासपोर्ट. तो पाकिटात होता, म्हणून अख्खं पाकीटच त्यानं गाठोड्यात बांधलं. बांधताना हातातले चार दाणे खणात सांडले.

प्रांजलीनं विचारलं, पासपोर्ट कुणी असं नेतं का, निघायच्या आधी माणूस ते बघणार नाही? जयमाला म्हणाली, आपण बघतो. दादा तांडेल आहे. बोटीचे कागद पेटीत एकदा बंद झाले की किनारा सोडताना ते कुणी काढून बघत नाही. समुद्रात कुणी विचारलं तरच पेटी उघडते. त्याच्या हिशेबानं वाटेत गाठोडं उचललं म्हणजे कागद आलेच. सांगून का नाही गेला? एकदा टिंगल झाल्यावर तू सांगितलं असतंस का? त्यानं तोंड मिटलं आणि तुम्हाला गाठोड्यापर्यंत न्यायचं काम चहावर सोपवलं.

“अगं बाई,” सुचिता म्हणाली, “येसूबाई.”

“उगवतीचं शेवटचं घर,” जयमाला म्हणाली. “मी ट्रेनिंगला सोलापूरला निघाले तेव्हा आईनं माझी ओढणी तिच्याकडेच ठेवली होती. दोन वेळा चहाचं ऐकलं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.”

ती स्कूटरवर बसली आणि वाडीत गेली. येसूबाई ओट्यावरच होती. तिला कमी ऐकू येई, त्यामुळे सकाळपासूनचा गोंधळ तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. तिनं कोनाड्यातून गाठोडं काढून दिलं. जुन्या लुंगीच्या फडक्याला तांडेलाची पक्की गाठ होती, जयमालाला ती दातांनी सोडवावी लागली. रुमाल, ब्लाउज, रिबन, विमानांचा मोजा आणि तळाशी लाल पाकीट. तिनं पासपोर्ट मोजायच्या आधी आपला उघडून बघितला. आतल्या फोटोवर तांदळाचा एक दाणा चिकटला होता.

ती स्कूटरला किक मारणार, तोच म्हातारीनं हात आडवा केला.

“परत घरी न्यायचं न्हाय. न्हेलंस तर दत्तारामचं सगळं वाया जाईल. हितनंच पुढं जावा.”

जयमालानं सिद्धेशला फोन केला. तो ओरडला की वाडीत गाडी जात नाही, बॅगा चाकांच्या आहेत, वाट वाळूची आहे, बोट सुटेल. जयमालानं सगळं ऐकलं आणि सांगितलं, की मग लवकर निघा. थोड्या वेळानं माडांमधून ती मिरवणूक आली. सिद्धेश डोक्यावर मोठी बॅग घेऊन घामाघूम, मागे प्रांजली चपला हातात घेऊन, प्राची आणि सुचिता एकेक बॅग ओढत, आणि सगळ्यांच्या पुढे राही नकाशा उलगडून. विनूनं मोजा ओळखला आणि लगेच पायात चढवला.

येसूबाईनं चुलीवर आधण ठेवलं होतं आणि तिला कसलीही घाई नव्हती. सिद्धेश घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. चहा एकदाचा आला, गुळमट आणि आल्यानं जहाल. त्यानं पहिला घोट घेतला आणि त्याचा फोन वाजला. दत्तारामची बोट खाडीच्या तोंडाशी येऊन रेंजमध्ये आली असावी. पलीकडे इंजिनाची धडधड होती. दत्तारामनं ना पासपोर्टचं विचारलं, ना भांडणाचं नाव काढलं.

“च्या घेतला का येसूबाईकडं?”

 सिद्धेशनं पाठ वळवली.

“घेतला, दादा,” तो म्हणाला. “सगळ्यांनी घेतला.” फोन ठेवून त्यानं ती लिहिलेली तक्रार उघडली आणि पुसून टाकली. शेजारी बसलेल्या प्रांजलीनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

गाडी वाडीच्या तोंडाशी वळवून उभी होती. रो-रो मिळेल की पेणवरून रस्त्यानं जावं लागेल, यावरून ड्रायव्हर आणि सिद्धेश यांची आताच जुंपली होती. जयमाला सगळ्यांत मागे राहिली. तिनं गळ्यातली ओढणी काढली, नवी, याच प्रवासासाठी घेतलेली, आणि चार घड्या घालून प्राचीच्या हातात दिली.

“ही घरात ठेव,” ती म्हणाली. “आणि बाबांना सांग, आत्याचं कापड आता या घरात आहे. इंजिन पुसायला घेऊ नका.”